आढ्यावरच्या दश्या

मल्हारीच्या घरात चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं त्याला चोरानंही हात लावला नसता. हातमागाच्या खड्ड्यावर, बरोबर आढ्याला, लोकरीच्या धाग्यांची एक जुडी लोंबत असायची. काळे, पांढरे, करडे, धुरानं तांबूस पडलेले धागे. नवा माणूस घरात आला की हमखास विचारायचा, हे जळमट काहून ठेवलं म्हणून. मल्हारी चिडायचा. जळमट न्हाई, माझी उमर हाय ती, म्हणायचा.

त्याच्या घराण्याची चाल अशी, की घोंगडं विणून झालं, चिंचोक्याची खळ खाऊन कडक वाळलं, घडी पडली, की ते घराबाहेर जाण्याआधी त्याच्या टोकाची एक दशी तोडायची आणि आढ्याला बांधायची. घोंगडं गिऱ्हाइकाचं, बरकत मेंढरांची. दशी न ठेवता घोंगडं गेलं तर बरकत त्याच्या मागं चालती होते. मग कळपात काहीतरी उणं होतं, नाहीतर घरात. आता हे खरं का खोटं, कुणी पाहिलंय? पण मोडून बघायची छाती चार पिढ्यांत कुणाला झाली नव्हती. चाल मोडायला अक्कल लागत नाही, छाती लागते, आणि ती धनगराला वाघासमोर असते, बापाच्या शब्दासमोर नसते.

गाव औंढ्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या कुशीत. मल्हारीला मुलगा नव्हता, एकच लेक, राधिका. ती त्यानं साखरा गावात दिलेल्या बहिणीच्या पोराला दिली आणि पोरालाच घरी आणून ठेवलं. हा प्रभू. जावयाला बोलायची सोय नसते आणि भाच्यावर हात उचलायची. प्रभू एकाच वेळी दोन्ही, म्हणजे गड्याला दोन्हीकडून तटबंदी. पण खरं सांगायचं तर त्याला बोलावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. सासूच्या हातातली घागर घेणारा, सासऱ्याचे पाय चेपणारा, हसून बोलणारा असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. एकच खोट होती. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलं की त्याच्या पायाला मुंग्या यायच्या आणि जिभेला मात्र कधी यायच्या नाहीत.

म्हणून त्यानं औंढ्यात, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याची टपरी टाकली आणि सासऱ्याची घोंगडी विकायला बसला. मल्हारीला बरंच वाटलं. विणायचं आपण, बोलायचं त्यानं. आणखी काय पाहिजे? श्रावणातले सोमवार आले, महाशिवरात्र आली, की परमुलखातल्या गाड्या यायच्या, माणसांचा पूर लोटायचा. मग प्रभू लाडीगोडी लावून म्हणायचा, "मामा, तुमी फकस्त म्होरं बसा. सूत काढत बसा. लोकायला बघायला आवडतं."

मल्हारी बसायचा. लाल पटका बांधून, मिशीला तेल लावून, हातात चाती फिरवत. लोक थांबायचे, कौतुक करायचे, कुणी फोटो काढायचे. बायका लेकरांना दाखवायच्या, बघ, लोकरीचा धागा असा काढतात. साठी उलटलेल्या माणसाला जन्मात कुणी एवढं न्याहाळून बघितलं नव्हतं. खोटं काहून बोला, त्याला ते गोड लागायचं. मागं टपरीत घोंगड्यांची चळत लागलेली असायची, प्रभू एकेक उलगडून दाखवायचा, आणि मल्हारीची पाठ त्या चळतीकडं असायची. पाच-सहा वर्षं ती पाठ तिकडंच राहिली. तोवर घरावरचं गवत जाऊन पत्रे आले होते.

सन दोन हजार चारची दिवाळी होऊन गेली होती. मल्हारी अंगणात लोकर पिंजत बसला होता, तेवढ्यात एक पाहुणा विचारत विचारत घरी आला. पायजमा-सदरा, खांद्याला पिशवी, चेहरा तापलेला. नाव विश्वंभर, मेहकरकडच्या एका खेड्यात शाळेवर गुरुजी. मल्हारीच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, पाणी दिलं ते त्यानं घेतलं, पण बाजेवर बसला नाही. पिशवीतून एक घोंगडं काढून त्यानं मल्हारीच्या पुढ्यात टाकलं. मधोमध ताटलीएवढं भोक, आणि भोकाच्या कडा काळ्या, टणक, चकाकत्या.

गुरुजींनी सगळं सांगितलं. दोन वर्षांखाली महाशिवरात्रीला ते आईला घेऊन औंढ्याला आले होते. आई शालूबाई, सत्तरीच्या. लोकर सोवळी, म्हणून जपाला बसायला अस्सल घोंगडं हवं हा म्हातारीचा हट्ट. टपरीवर घेतलं. या दसऱ्याला जप चालू असताना निरांजन कलंडलं. लोकर असती तर जराशी करपून विझली असती. हे वितळलं आणि म्हातारीच्या टाचेला चिकटलं. ओढून काढताना कातडं निघालं. महिनाभर माउली भिंतीला धरून चालली.

मल्हारीनं घोंगड्याला हात लावला आणि विंचू चावल्यासारखा मागं घेतला. त्याच्या हाताला कळायला दोन बोटं पुरली. ना खळीचा कडकपणा, ना मेंढराचा वास. हे मिलचं होतं, नायलॉनचं. तो स्पष्ट म्हणाला की हे आपलं नाही.

गुरुजींनी मग खिशातून त्या महाशिवरात्रीचा एक फोटो काढला. त्यात मल्हारी होता. पटका, मिशा, हातात चाती. आता माणूस किती वेडा असतो बघा. समोर पाहुणा पेटलेला, पुढ्यात जळकं घोंगडं, आणि मल्हारीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आपण चांगले दिसतो की. सत्यभामाबाईंना दाखवायला त्यानं फोटो पुढंही केला.

"आईनं तुमच्याकडं बघून घेतलं," गुरुजी म्हणाले. "तिनं तुम्हाला विचारलं होतं, हे तुमच्याच हातचं काय हो बाबा? तुम्ही व्हय म्हणालात. मी तर थेट पोलिसांत जायला निघालो होतो. तीच म्हणाली, आधी त्या बाबाला विचार. तो माणूस खोटं बोलणारा दिसत नव्हता."

हा घाव मल्हारीला बसला. असलं काही बोलल्याचं त्याला आठवेना. गर्दीत कितीजण काय काय विचारायचे. पण आपल्या नावावर नायलॉन? त्याचा पारा चढला. तो म्हणाला, माझ्या हातच्या दर घोंगड्याची दशी वर आढ्याला हाय. चला, आत्ता लावून बघू. ह्याचा धागा तिथं निघाला तर हे घोंगडं माझं, आणि माझी जबान. न्हाई निघाला तर तुमी खुशाल त्या टपरीवाल्याला चौकीत न्या, मग तो माझा जावई का असंना.

नेमका त्याच वेळी प्रभू दारातून आत आला, पाहुण्याच्या चहाला साखर घेऊन. जळकं घोंगडं पाहिलं आणि त्याचा हसरा चेहरा उतरला. मल्हारी शिडी लावायला निघाला तसा तो आडवा आला.

"राहू द्या मामा. लई धूळ हाय वर."

मल्हारीनं ऐकलं नाही. अख्खी गल्ली दारात जमली होती आणि म्हाताऱ्याला आपली उमर सगळ्यांना दाखवायची होती. त्यानं जुडी खाली आणली, मांडीवर सोडली. वरवर सगळं बरोबर होतं. काळे, करडे, पांढरे. मग बोटं आत गेली आणि थांबली. एक धागा गुळगुळीत. त्याच्या शेजारी दुसरा. मग झुपकाच्या झुपका. दोन मुठी भरतील एवढे नायलॉनचे धागे, नीट पीळ देऊन, चालीप्रमाणं गाठ मारून बांधलेले. गुरुजींच्या घोंगड्याच्या टोकाशी एक धागा तुटलेला होता. त्याच रंगाचे इथं कितीतरी निघाले.

मल्हारीला आधी काही उमगेचना. चोर चोरी करतो आणि खूण पुसतो ही जगाची रीत. इथं चोरानं घरात येऊन, शिडी लावून, धन्याच्याच डोक्यावर आपली चोरी एकेक करून टांगून ठेवली होती.

"हे कुणी बांधलं?"

"म्या," प्रभू खाली बघत म्हणाला. "बरकत जाऊ नाही म्हून."

"नायलॉनला कुठली मेंढरं रे?"

दारातलं कुणीतरी फिसकन हसलं. प्रभूच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. पहिलं मिलचं घोंगडं त्यानं विकलं तेव्हा राधिकेला पाचवा महिना होता. गिऱ्हाईक लई, घोंगडी संपलेली, आणि शहरातल्या एका ठोक दुकानात हुबेहूब तसलीच मिळत होती. विकलं. पण घरी येताना पायाखालची वाट सरकेना. तुमचं नाव घेऊन विकलं होतं मामा, तो म्हणाला. दशी न ठेवता कसं जाऊ देऊ? राधिकेचं काही बरंवाईट झालं असतं तर? तेव्हापासून दर घोंगड्याची त्यानं दशी तोडली होती. एक चुकवली नव्हती. लोकांना फसवायला तो भ्याला नाही, आणि आढ्याला भ्याला.

मग तो हळूहळू आपली बाजू मांडायला लागला. औंढ्यात मी एकटाच का, म्हणाला. ठोक दुकानदार तर उघड सांगतो की हे घोंगडं म्हणून खपतं. गिऱ्हाईकसुद्धा साधं नसतं. अस्सल पाहिजे म्हणतं आणि घासाघीस चादरीच्या भावापर्यंत आणतं. गुरुजींनी मान वळवली. भाव त्यांनीही पाडलाच होता.

मल्हारी उठला. त्याचा हात वर गेला होता. भाचा का जावई, काही त्याला दिसत नव्हतं. तेव्हा सत्यभामाबाई मधे आल्या. चाळीस वर्षांत चारचौघांत नवऱ्यापुढं न बोललेली बाई, चुलीपासून उठून आली आणि तो फोटो तिनं मल्हारीच्या डोळ्यांपुढं धरला.

"आवं, ह्यात तुमच्या पाठीमागं काय हाय ते बघा की. तुमच्या मागावर सालाला दहा घोंगडी निघत न्हाईत. हितं भिंत भरून लटकली हायत. तुमाला दिसली न्हाईत?" मग ती म्हणाली, "मलाबी दिसली व्हती. म्याबी इचारलं न्हाई. पत्रे आले, बरं वाटलं."

हात खाली आला. मल्हारीनं फोटोकडं पुन्हा पाहिलं. या वेळी त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या नाहीत. पाठीमागची चळत दिसली, आणि तिच्यासमोर पटका बांधून बसलेलं एक बुजगावणं दिसलं. शेतातलं बुजगावणं निदान पाखरं हाकलतं. हे बोलावत होतं. आणि मग त्याला आठवलं. एक बारीकशी म्हातारी, हिरवं लुगडं, वाकून विचारणारी. चातीवरचा धागा तुटायला आला होता, म्हणून मान वर न करता आपण म्हणालो होतो, व्हय. एवढासा शब्द. धागा वाचला होता तेव्हा.

त्याला रडू आलं. आपलेच दात आपलेच ओठ, हे ठीक. पण इथं दात कुठले आणि ओठ कुठले हेच कळेना. तो पटक्याच्या सोग्यानं तोंड पुसून गुरुजींसमोर येऊन उभा राहिला.

"गुरुजी, हे घोंगडं माझं हाय. विणलं न्हाई म्या, पण इकलं म्याच. चौकीत जायचं तर मला न्या."

गुरुजींचा राग तिथंच विरला. एवढ्या लांबून भांडायला आलेल्या माणसाला भांडायला समोर कुणी उरलं नाही की त्याची मोठी पंचाईत होते. ते बाजेवर बसले. राधिकेनं चहा आणला, बिनसाखरेचा, कारण साखरेची पुडी प्रभूच्या मुठीतच राहिली होती. गुरुजी तो निमूट प्याले. मल्हारीनं जबान दिली, की येत्या महाशिवरात्रीआधी आईंचं घोंगडं तुमच्या घरी पोचंल.

दुसऱ्या दिवशी टपरीतलं मिलचं सगळं ब्लँकेट म्हणूनच विकायला ठेवलं, आणि दारावर प्रभूच्याच हातानं पाटी लिहवून घेतली, की इथून ज्याच्याकडं घोंगडं म्हणून नायलॉन गेलं असेल त्यानं आणून द्यावं, लोकरीचं मिळेल, थोडा दम धरावा. बाजारातले लोक हसले. मल्हारीला म्हातारचळ लागला म्हणाले. काहीजण मात्र हसले नाहीत, घाईनं आपापल्या टपऱ्यांत गेले.

आणि मल्हारीनं जावयाला मागाच्या खड्ड्यात बसवलं. हे त्यानं कसं केलं हे गावाला अजून कोडं आहे, कारण तो एक शब्द रागानं बोलला नाही. फक्त शेजारी बसायचा. प्रभूच्या पायाला मुंग्या आल्या की म्हातारा स्वतः त्याचे पाय चोळायचा. सासऱ्यानं जावयाचे पाय चोळायचे! प्रभू लाजेनं मरायचा आणि पुन्हा विणायला लागायचा. कड वाकडी जायची, कुठं ढिलं, कुठं आवळलेलं. तीनदा उसवलं. पौष सरता सरता एक काळं घोंगडं मागावरून उतरलं. खळ लागली, वाळलं. प्रभू चालीप्रमाणं दशी तोडायला गेला तर मल्हारीनं त्याचा हात धरला. आत्ता न्हाई, म्हणाला. त्या माउलीनं घेतल्यावर.

बिनदशीचं घोंगडं त्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. हिंगोलीला एसटी बदलली, वाशिमला बदलली, प्रभू घोंगडं छातीशी धरूनच बसला होता. दोघं गुरुजींच्या घरी पोचले तेव्हा शालूबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. टाचेवर गुलाबी वण होता. प्रभूनं तो पाहिला आणि तो तिथंच, त्या पायांपाशी, खाली बसला. माउलीनं त्याला आधी पाणी प्यायला लावलं.

मग घोंगडं मांडीवर घेऊन तिनं मल्हारीकडं पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. मुद्दाम विचारला, की आपसूक आला, देव जाणे.

"हे तुमच्याच हातचं काय हो बाबा?"

प्रभूला वाटलं, मामानं आता व्हय म्हणावं. एकदा म्हणून टाकावं. लोकर तीच, माग तोच, खळ तीच. कुणाचं काय जातं?

मल्हारीनं घोंगडं आपल्याकडं ओढलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवत नेली. मग मान वर केली, म्हातारीच्या डोळ्यांत बघितलं.

"न्हाई माय. माझ्या हातचं न्हाई. ह्या पोराच्या हातचं हाय. पहिलंच हाय त्याचं. हितं कड वाकडी गेली, आन हितं ढिलं पडलं. पर लोकर माझ्या मेंढराची हाय, आन जबान माझी."

शालूबाईंनी ती ढिली जागा बोटानं चाचपली. बराच वेळ चाचपली. मग घोंगडं पाटावर पसरलं आणि त्यावर बसून पाहिलं.

"टोचतं," त्या समाधानानं म्हणाल्या. "पहिलं टोचतच नव्हतं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं बाप्पा."

मल्हारीनं प्रभूला खुणावलं. प्रभूनं टोकाची एक दशी तोडली, रुमालात बांधली आणि रुमाल आतल्या खिशात ठेवला. जेवल्याशिवाय माउलीनं सोडलं नाही.

घरी येताच प्रभूनं शिडी लावली. जुडीचे आता दोन भाग होते. एकीकडं मल्हारीच्या दश्या, दुसरीकडं नायलॉनच्या. रुमाल सोडून तो काळा धागा हातात घेऊन शिडीवर घुटमळला. कुठल्या बाजूला बांधू, त्यानं विचारलं.

"माझ्या," मल्हारी म्हणाला.

प्रभूनं गाठ मारली. दोनदा मारली. मग नायलॉनच्या झुपक्यातली एक दशी चिमटीत धरून म्हणाला, "मामा, त्या माउलीच्या नावानं ही एक काढून टाकू का मग? तिचं तर दिलं आपुन."

मल्हारी खाली शिडी धरून उभा होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ती आपल्या दोघांची हाय. उतर आता, राधिकेनं ताट वाढलंय."